लागल्यास एक गोळी

मामांनी मला पहिल्याच दिवशी नखं दाखवायला सांगितली. नर्सिंगचा कोर्स पूर्ण करून, प्रमाणपत्रांची फाइल काखेत मारून, नवा पांढरा शर्ट घालून मी कामावर हजर झालो होतो, आणि समोर एक साठी ओलांडलेला माणूस उलट्या बादलीवर बसून म्हणत होता, "हात पुढं कर बे." मी केला. त्यांनी एकेका बोटावरून अंगठा फिरवला आणि डाव्या करंगळीचं नख वाढलंय म्हणून मला नेलकटर आणायला पिटाळलं. माझ्या नोकरीतलं पहिलं काम ते. मला राग आला होता, हे कबूल करायला हरकत नाही. माझ्या फाइलकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

आमची संस्था चिखलीहून मेहकरला जाणाऱ्या रस्त्यापासून जरा आत, शेतांच्या मधोमध होती. एकतीस पुरुष तिथे राहायचे. काही जन्मापासूनच बुद्धीनं मागे राहिलेले, काही चांगले शिकलेसवरलेले पण मध्येच मनाच्या आजारानं घेरलेले. घरच्यांना झेपेना म्हणून त्यांनी आणून सोडलेले. एका पाळीला दोन काळजीवाहक, स्वयंपाकाला कमलबाई, आणि औषधांच्या कपाटाची किल्ली गळ्यात अडकवून हिंडणारा मी. मला सगळे 'ब्रदर' म्हणत. मामांना सगळे मामाच म्हणत, संस्थेचे सचिवसुद्धा. मामांची मात्र उलटी तऱ्हा होती. तिथे राहणाऱ्या एकतीसही जणांना ते अहो-जाहो करत, आणि पगार घेणाऱ्या आम्हा सगळ्यांना अरे-तुरे. सचिवांनाही. एकदा सचिवांनी हसत हसत याचं कारण विचारलं तर म्हणाले, "तू तं संध्याकाळी घरी जातं. हे कुठं जातीन?"

मामांची सगळी नोकरी उंद्रीकडच्या एका ढोरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक म्हणून गेली होती. बैलाच्या खांद्याच्या जखमा धुवायच्या, म्हशीचं आंचळ शेकायचं, डॉक्टर सुई देईपर्यंत वासराचे पाय धरायचे. निवृत्त होऊन घरी बसले तर बायको म्हणाली, दिवसभर माझ्या मागेमागे फिरू नका, कुठेतरी कामाला लागा. म्हणून इकडे आले. हे सगळं ते स्वतःच सांगत, त्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. आम्हाला वाटे. ढोरांच्या माणसाला माणसांत कशाला घेतलं, असं मीही पहिल्या महिन्यात दोन-तीनदा बोलून दाखवलं असेल.

आता त्या गोळीबद्दल सांगायला हवं, कारण मामांचं सगळं वेड तिच्याभोवती होतं. प्रत्येकाच्या रोजच्या गोळ्या ठरलेल्या असत, सकाळ-संध्याकाळ. त्यांत कुणी ढवळाढवळ करत नसे, मामाही नाही. पण महिन्यातून एकदा येणारे डॉक्टर बऱ्याच जणांच्या कागदावर खाली आणखी एक ओळ लिहीत: एसओएस, लागल्यास एक गोळी. माणूस फारच बिथरला, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करेल असं वाटलं, तर ही द्यायची. घेतली की माणूस तासाभरात शांत होई, बहुधा झोपून जाई. पण लागली हे कसं ओळखायचं, ते काही कागदावर लिहिलेलं नसे. डॉक्टर तर पुढच्या महिन्यात येणार. तेव्हा ते ठरवायचं आम्हीच.

यावर आमच्यात एकमत कधीच नव्हतं. दुसरे काळजीवाहक संतोषभाऊ म्हणायचे, भडका उडायची वाट कशाला पाहायची, धूर दिसला की द्या. दोन माणसांनी एकतीस जणांना सांभाळायचं, त्यातला एक उसळला की तिघं उसळतात, मग कुणाकुणाला धरणार? कमलबाईंच्या डोक्यात एकदा एकानं वरणाचं पातेलं घातलं होतं. चार टाके पडले होते. त्या म्हणत, "त्याचाबी जीव शांत, माह्याबी जीव शांत. काऊन नाई द्याची?" आणि माझं म्हणणं होतं की डॉक्टरांनी लिहिलंय ना, मग द्यायची, एवढा काथ्याकूट कशाला. आमच्यातलं कुणी दुष्ट नव्हतं, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं. बाहेरची माणसं येऊन आम्हाला गोळ्या देऊन झोपवणारे म्हणायची तेव्हा माझं डोकं फिरायचं. त्यांनी एक दुपार तिथे काढून दाखवावी.

मामांचा मात्र एकच प्रश्न. कुणीही गोळी मागायला आलं की ते विचारत, "गोळी कोणाले लागते? त्याइले का तुले?" मग गुडघ्यांवर हात टेकून उठत आणि फेरी सुरू करत. फेरी म्हणजे बिथरलेल्या माणसाच्या अंगाची तपासणी. डोक्यापासून सुरुवात. केसांत उवा, कानात काही, दात, जीभ, काखा, मग पोट दाबून पाहायचं, मग नाडी. पायजम्याची नाडी म्हणतोय मी, ती घट्ट बांधलेली असायची कितीदातरी. शेवटी टाचा. हे सगळं समोरचा माणूस ओरडत, थुंकत, क्वचित गुद्दे मारत असताना चालायचं, आणि मामा आपले "थांबा जराक, झालंच, झालंच" म्हणत राहायचे. म्हैस लाथ मारते तेव्हा तिला कुणी झोपेचं औषध देत नाही, आधी कासेचे सड पाहतात, असं त्यांचं म्हणणं. माणसांची तुलना म्हशीशी केलेली मला आवडत नसे. पण हळूहळू संस्थेत रिवाजच पडला की मामांची फेरी झाल्याशिवाय कपाट उघडायचं नाही. मी किल्लीवाला, पण मलाही लोक विचारत, "मामाले दाखवलं का?"

विलास नावाचा एक चाळिशीचा माणूस होता. बोलता येत नसे. एकदा तो भिंतीवर डोकं आपटायला लागला. त्या दिवशी मामांची सुट्टी होती आणि मी त्याला एसओएस दिली होती. तो झोपला, उठला, परत सुरू. दुसऱ्या सकाळीही गोळी माझ्या तळहातावर तयार होती. मामा आले, फेरी सुरू झाली आणि कानापाशीच संपली. त्यांनी खिशातली छोटी बॅटरी लावून पाहिलं आणि मला म्हणाले, "ये, पाह्य." विलासच्या उजव्या कानात गोचीड होती. टरारून फुगलेली. आवारातल्या कुत्र्यांजवळ तो लोळायचा, तिथूनच आली असणार. मामांनी कोमट तेल सोडलं, विलासचं डोकं आपल्या मांडीवर घेऊन बसून राहिले आणि चिमट्यानं ती अलगद काढली. मग आम्ही त्याला चिखलीला कानाच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. परतताना विलास गाडीत मजेत खिडकीबाहेर बघत होता. मला माझीच लाज वाटली. ज्याच्या कानात गोचीड आहे त्याला मी झोपवलं होतं. मामा त्यावर मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून मी त्यांचा भक्त झालो. भक्त झाल्यावर माणसाची चूक दिसत नाही, तसंच माझं झालं. म्हणजे मामाही चुकायचे. बबनराव नावाचे एक जण जेवेनात आणि कुणी जवळ गेलं की बुक्क्या मारायला लागले, तेव्हा मामांनी पोट दाबून निदान केलं आणि त्यांना एरंडेल पाजलं. दोन दिवस बिचारे संडासात. नंतर लक्षात आलं की त्यांच्या शेजारच्या खाटेवरचा सोबती दुसऱ्या संस्थेत हलवला होता आणि बबनराव त्याच्यासाठी कष्टी होते. मामांनी त्यांच्यासमोर उभं राहून कान धरले. आम्ही हसलो. त्यातून शिकण्यासारखं होतं ते कुणीच शिकलो नाही. ज्याचं दुखणं अंगावर कुठेच सापडत नाही, त्याच्यापुढे मामांची फेरी लंगडी पडते, हे तेव्हाच ओळखायला हवं होतं.

मग गुरुजींचं झालं.

गुरुजी मेहकरकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. नोकरीची दहाएक वर्षं राहिली असताना त्यांना आवाज ऐकू यायला लागले. आवाज त्यांना शिव्या घालत, आणि गुरुजी वर्गात मुलांसमोर त्यांना उत्तरं देत. पुढचं सांगण्यात अर्थ नाही. आमच्याकडे आले तेव्हा रोजच्या गोळ्यांवर बरेच सावरले होते. व्हरांड्यात एक फळा होता, त्यावर रोज सकाळी ते तारीख, वार आणि 'पट ३१, हजर ३१' असं लिहीत. अक्षर असं की पुसवत नसे. बोलणंही पुस्तकातलं. आम्ही सगळे वऱ्हाडीत आणि ते एकटे शुद्ध भाषेत.

त्यांची मुलगी मेहकरला राहायची, दर महिन्याला भेटायला यायची. दिवाळीत आली तेव्हा नवऱ्याला सोबत घेऊन आली आणि म्हणाली की बाबांना आता घरी न्यायचंय. जावई वाईट माणूस नव्हता, पण घरात दोन लहान मुलं होती. त्यानं अट घातली: सलग सहा महिने ती एसओएसची गोळी लागली नाही, तर नेऊ. सचिवांना हे पटलं. आमच्या रजिस्टरमध्ये एसओएसचा वेगळा रकाना होता. गोळी दिली की तारीख-वेळ टाकून सही करायची. तो रकाना सहा महिने कोरा राहिला की गुरुजी घरी जाणार, असं ठरलं. व्हरांड्यातच ठरलं, आणि मामा बादलीवर बसून ऐकत होते.

मामांना तेच हवं होतं. गोळी न देता माणूस सांभाळता येतो हे ते वर्षानुवर्षं सांगत आले होते, आता त्याचं बक्षीस एका माणसाला मिळणार होतं. त्यांनी गुरुजींना अंगावरच घेतलं. गुरुजी अस्वस्थ झाले, येरझाऱ्या घालायला लागले, की मामा त्यांना शेताच्या बांधानं फिरवून आणत. नाहीतर डोक्यावर गार पाण्याचा पंचा ठेवून पाढे म्हणायला लावत. गुरुजी पावकी, निमकी, दिडकी म्हणत आणि मामा बादलीवर बसून मागून म्हणत. दिडकीत ते हटकून चुकत आणि गुरुजी थांबून दुरुस्त करत. पाहायला फार छान वाटायचं. महिना गेला, दोन गेले, चार गेले. रकाना कोरा. मुलगी आली की मामा मला रजिस्टर आणायला लावत आणि त्या रिकाम्या जागेवर बोट ठेवून तिला दाखवत. ती डोळे पुसायची.

अकरा दिवस राहिले होते. चैत्रातली दुपार, पत्र्याखाली बसवत नव्हतं. गुरुजी माझ्या टेबलापाशी आले आणि हात पुढे करून उभे राहिले. "ब्रदर, आज मला ती गोळी द्या," ते म्हणाले. "आज फार मोठ्यानं बोलतायत."

मी गळ्यातली किल्ली हातात घेतली. खरंच घेतली होती. आणि मग मी मामांकडे पाहिलं.

मामा उठून आले. त्यांनी गुरुजींचा पुढे केलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. "गुरुजी, अकराच दिवस राह्यले," ते म्हणाले. "सहा महिन्याची मेहनत पाण्यात जाईन. घरी जाचं हाये ना तुमाले? धरा जराक. चाला, आपण पाढे म्हणू."

गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं. मी किल्ली शर्टात टाकली.

त्यांनी पाढे म्हटले. दिडकी अर्ध्यावर आली तेव्हा लघवीला जातो म्हणून उठले. न्हाणीघराच्या खिडकीला काच होती. त्या काचेपलीकडून कुणीतरी बोलतंय असं त्यांना वाटलं, आणि त्याला गप्प करायला त्यांनी उजवी मूठ मारली. एकदा नाही, तीन-चारदा. आम्ही पोचलो तेव्हा भिंतीवर रक्त होतं आणि गुरुजी शांतपणे म्हणत होते, "मी सांगितलं होतं." बुलढाण्याला नेलं, ऑपरेशन झालं. हात वाचला. मधली दोन बोटं वळणार नाहीत असं डॉक्टर म्हणाले. खडू धरायची ती बोटं.

तिसऱ्या दिवशी गुरुजींना परत आणलं. मुलगी एकटीच आली. सचिव गावाला गेले होते, किंवा गेले असं म्हणाले. काय सांगायचं ते मी मनात तयार ठेवलं होतं. अचानक झालं, आजारच तसा, आम्ही शर्थ केली, वगैरे. मामांनी मला तोंड उघडू दिलं नाही. ते तिच्यासमोर उभे राहिले.

"ताई, गुरुजीनं गोळी मागतली होती. म्या देऊ देली नाई. रकाना कोरा ठेवाचा होता म्हनून."

ती शिव्या देईल, रडेल, तक्रार करीन म्हणेल, असं मला वाटत होतं. तिनं विचारलं, "बाबांनी सोताहून मागतली?"

"हो."

"याच्या पहिले कवा मागतली होती?"

मामांनी बोटं मोजली. आठवत आठवत मोजली, लपवायचं असतं तर लपवता आलं असतं. "चार डाव," ते म्हणाले. "पहिल्या डाव तुमची दिवाळी झाली अन् पंधराक दिवसांनं. तवा बांधानं फिरवून आनलं होतं."

या चारांतले दोन मलाही माहीत नव्हते. फिरवून आणलं की गुरुजी थकून गप्प होत आणि आम्ही समजायचो, जमलं.

मुलगी खुर्चीवर बसली. "मामा, घरी होते तवा बाबा गोळी थुकून टाकत," ती म्हणाली. "मले काई झालंच नाई म्हनत. चार जन धरून तोंडात कोंबा लागे, लेकरं पाहून पाहून भेत. त्याच्यानंच तं इथं आनून सोडलं. आपल्याले आता लागते, हे त्याइले उमजलं असतं तं आमाले दुसरं काय पाह्यजे होतं? मी लगेच पिशवी भरून घेऊन गेली असती. त्या पहिल्या डावालेच."

सहा महिने आम्ही सगळे त्या रिकाम्या जागेकडे बघत होतो. जावई, सचिव, डॉक्टर, मामा, मी. एखाद्या माणसानं स्वतः येऊन, हात पुढे करून, आज मला लागते असं म्हणणं ही त्या आजारात केवढी मोठी गोष्ट आहे, हे मी तीन वर्षं कोर्समध्ये शिकलो होतो आणि परीक्षेत लिहिलंही होतं. बिनापरीक्षेचं मात्र ते कळलं एका बाईला, जी महिन्यातून एकदा एसटीनं येत होती.

ती म्हणाली, टाके निघाले की नेते. नवऱ्याशी मी बोलते. मग मला म्हणाली, ती गोळी कशी द्यायची, दिल्यावर काय पाहायचं, ते मला नीट लिहून द्या. आणि वडिलांपाशी आत निघून गेली. बोलल्याप्रमाणे तिनं त्यांना नेलंही, पुढच्या पंधरवड्यात. पण ते नंतरचं.

ती आत गेली आणि व्हरांड्यात आम्ही दोघंच राहिलो. मामांनी मला रजिस्टर काढायला सांगितलं. गुरुजींचं पान उघड म्हणाले. ते खाली जमिनीवरच बसले होते आणि त्यांचा आवाज फाटला होता. त्या माणसाला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं, आणि मला त्यांचा राग येईल असं वाटत असताना तो आला नाही.

"लिही," ते म्हणाले. "गुरुजीनं पाच डाव गोळी मागतली. पाचही डाव नाई देली. माह्या नावानं लिही."

मी तारखा त्यांना विचारून विचारून लिहिल्या. जिथे तारीख आठवली नाही तिथे अंदाजे असं लिहिलं. नाकारणाऱ्याची सही म्हणून मामांनी आपलं नाव जपून, अक्षर अक्षर करत टाकलं. मग शेवटच्या ओळीत त्यांच्या नावाखाली मी माझंही नाव लिहिलं, कारण त्या दुपारी किल्ली माझ्या हातात होती.